गणेशखिंडीचे गव्हर्नमेंट हाऊस आणि सोलापूर

१९४९ ते १९६२ या काळात सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांतून जे विद्यार्थी पदवीधर झाले, त्यांच्या पदवीपत्रांवर पुणे विद्यापीठाची मुद्रा आहे. १९४० साली स्थापन झालेले दयानंद महाविद्यालय आणि १९५३ सालचे संगमेश्वर महाविद्यालय ही दोन्ही त्या वेळी याच विद्यापीठाच्या कक्षेत होती. गणेशखिंडीतील ज्या वास्तूत हे विद्यापीठ नांदू लागले, ती मूळची मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांच्या पावसाळी मुक्कामाची जागा होय. तिचा इतिहास वरवर पाहता पुण्याचा आहे. परंतु त्यातील काही पाने सोलापूरची आहेत आणि ती सोलापूरकरांनी वाचण्याजोगी आहेत.

इलाख्याचा गव्हर्नर वर्षभर एका ठिकाणी राहत नसे. हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरी आणि जून ते ऑक्टोबर पुण्यास, असा त्यांचा क्रम असे. पुण्यातील मुक्कामासाठी १८२८ साली सर जॉन माल्कम यांनी दापोडी येथील कॅप्टन फोर्ड यांचा बंगला सरकारतर्फे घेतला. सुमारे साडेतीन दशके त्यावर काम भागले. पुढे सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले (१८६२-१८६७) आणि दापोडीची जागा त्यांना पुरेनाशी झाली.

तो काळच मोठा अजब होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडी नुकतीच, १८६० साली, सोलापूरपर्यंत पोहोचली होती आणि बार्शी ही कापसाची नावाजलेली पेठ होती. मुंबईकडे वाहणाऱ्या त्या पैशाच्या पुरात या भागातील शेतकऱ्याच्या घामाचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही. याच तेजीच्या भरात १८६४ साली गणेशखिंडीत नव्या निवासस्थानाचे काम सुरू झाले. जेम्स ट्रबशॉ या वास्तुशास्त्रज्ञाने इटालियन धाटणीचा आराखडा केला. लांबलचक दगडी इमारत, कमानींचे सज्जे, मेजवान्या व नृत्यासाठी भव्य दालने आणि दुरून नजरेत भरणारा उंच चौकोनी मनोरा, असे तिचे रूप आहे.

१८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले आणि तेजी कोसळली. मुंबईत पेढ्या बुडाल्या. खिंडीतील बांधकाम मात्र थांबले नाही. फ्रिअर गेले, सर सीमोर फिट्झजेराल्ड आले, आणि १८७१ साली वास्तू पुरी झाली. तोवर खर्च सोळा ते साडेसतरा लाख रुपयांच्या घरात गेला होता. मंजुरी आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ न राहिल्याने त्यावर विलायतेत टीका झाली. मुंबईच्या गव्हर्नरांच्या उधळेपणाचा आणि वरिष्ठांना न जुमानण्याच्या वृत्तीचा नमुना म्हणून या इमारतीकडे बोट दाखविले जाई. अंदाजपत्रकाशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्या अधिकाऱ्यांना व पंचायत सदस्यांना या प्रकरणाची अधिक ओळख करून देण्याची गरज नाही.

योगायोग असा की, सोलापूरनजीकचा एकरूखचा तलावही याच काळात उभा राहिला आणि १८७१ सालीच पूर्ण झाला. एकाच सरकारने, एकाच सुमारास उभारलेली ही दोन कामे. एकाने अवर्षणग्रस्त मुलखाला पाणी दिले. दुसऱ्याने एका कुटुंबाला वर्षातील चार-पाच महिन्यांचा निवारा दिला.

हे निवासस्थान लोकांच्या मनात रुतले ते १८९७ साली. २२ जून रोजी व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवानिमित्त येथे मोठा समारंभ झाला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात झालेल्या जुलमाने लोक संतप्त होते. समारंभाहून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलै रोजी मरण पावला.

यानंतर तेहतीस वर्षांनी सोलापूरचे पान येते. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची वार्ता येताच गिरणगाव सोलापूर पेटून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला. त्यात ध्वजधारी शंकर शिवदारे यांना हौतात्म्य आले. पोलीस शहरातून मागे घेण्यात आले आणि काही दिवस शहराची व्यवस्था स्वयंसेवकांनी पाहिली. १२ मे रोजी लष्कर आले. ३० जूनपर्यंत लष्करी कायदा जारी होता. सर फ्रेडरिक साइक्स तेव्हा इलाख्याचे गव्हर्नर होते आणि सर अर्नेस्ट हॉटसन हे गृहखाते सांभाळीत होते. दोन पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना मृत्युदंड झाला. दयेचे अर्ज फेटाळले गेले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात चौघांना फाशी देण्यात आले. गणेशखिंडीच्या मनोऱ्यापासून हे कारागृह काही मैलांवरच आहे.

त्याच वर्षी साइक्स रजेवर गेले आणि हॉटसन हंगामी गव्हर्नर झाले. २२ जुलै रोजी ते फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयास भेट देण्यासाठी गेले असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर पिस्तूल झाडले. हॉटसन बचावले. गोगटे यांनी कारण सांगितले ते सोलापूरच्या लष्करी कायद्यातील अत्याचारांचे. हे महाविद्यालयही सर जेम्स फर्ग्युसन या गव्हर्नरांच्याच नावाचे, हे येथे जाता जाता नमूद करावेसे वाटते. या फर्ग्युसन यांच्या पत्नीचे १८८२ साली मुंबईतील परळच्या निवासस्थानी पटकीने निधन झाले होते. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार टोकावर बिऱ्हाड हलविले, आणि रिकाम्या पडलेल्या परळच्या वाड्यात १८९९ साली प्लेगची लस तयार करणारी प्रयोगशाळा गेली. तीच आजची हाफकिन संस्था. एका निवासस्थानात विज्ञान आले, दुसऱ्यात पुढे विद्यापीठ.

ते असे घडले. पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली आणि डॉ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. आरंभीचे काही महिने कार्यालय भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृहात होते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी आस्था दाखविल्यामुळे गणेशखिंडीची चारशेहून अधिक एकरांची जागा विद्यापीठाला मिळाली. एवढी मोक्याची सरकारी मालमत्ता शिक्षणासाठी सोडून देणे हा निर्णय मनाचा मोठेपणा दाखविणारा होता. जेथे प्रवेशपत्रिकेवाचून कोणी पाऊल टाकू शकत नसे, तेथे सोलापूरच्या हुतात्म्यांच्या पुढच्या पिढीतील मुले पदवी घेण्यास गेली.

१९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर सोलापूर जिल्हा कोल्हापूरशी जोडला गेला. २००४ साली केवळ एका जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करते. पुणे विद्यापीठास २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. गणेशखिंडीत ते नाव लागले आहे त्याच मुख्य इमारतीच्या मनोऱ्यावर युनियन जॅक फडकत असे. राज्यपाल आता तेथे वास्तव्यास नसतात. दोन्ही विद्यापीठांचे कुलपती मात्र तेच असतात.