फळ, साल आणि मूळ : काष्ठौषधींच्या खरेदीचा पुनर्विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात, ग्रीष्मकाळी गंगातीरी वनात फिरत असता भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा. नंतर त्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव टिकत नाहीत. आज परिस्थिती उलटी झाली आहे. औषधींच्या संग्रहामुळेच भूमी विरस होऊ लागली आहे, आणि त्या संग्रहाची मागणी आपल्या औषधनिर्माणशाळांतून निघते. म्हणून हा विषय केवळ वनखात्याचा नसून वैद्यांचा आणि फार्मसीचालकांचाही आहे.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पुढाकाराने झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, २०१४-१५ या वर्षी देशातील वनौषधींच्या कच्च्या मालाची मागणी अंदाजे ५,१२,००० टन होती. व्यापारात १,१७८ प्रजाती आढळल्या व त्यांपैकी २४२ प्रजातींची वार्षिक उलाढाल प्रत्येकी १०० टनांहून अधिक होती. मात्र एकूण वजनापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की, वनस्पतीचे कोणते अंग आपण विकत घेतो? फळ घेतले तर झाड राहते, साल घेतली तर त्याचे जगणे काढणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते आणि मूळ घेतले तर बहुधा वनस्पतीच जाते. खरेदीचे धोरण या तीन पायऱ्यांवर आखले पाहिजे.

फळ : हिरडा

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा हे अनेक आदिवासी कुटुंबांचे हंगामी उत्पन्न आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तेथील हिरड्याची झाडे मोठ्या संख्येने मोडली, तेव्हा या कुटुंबांचे वर्षानुवर्षांचे उत्पन्न बुडाले. उत्पन्न देणारे झाड लोक स्वतःहून राखतात. ही फळखरेदीची जमेची बाजू होय. तथापि बाळहिरडा म्हणजे अपक्व फळ. झाडावरील सर्वच फळे कोवळेपणी उतरविली, तर पक्व बीज जमिनीवर पडणार कोठून? आजचे झाड जगेल, परंतु त्याच्या जागी उद्या उगवणारे रोप नसेल. म्हणून काही झाडे व काही फांद्या बीजासाठी राखणे आणि फांद्या न तोडता फळे उतरविणे, या अटी खरेदीदाराने घातल्या पाहिजेत. सह्याद्रीतील हिरडा-बेहड्याला ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळाले आहे. संग्रहाची मर्यादा व गोळा करणाऱ्याचा मोबदला, दोन्हींची तपासणी त्यात होते.

साल : अशोक

अशोकाची गोष्ट अधिक चिंतेची आहे. पश्चिम घाटातील ओलसर, ओढ्याकाठच्या जंगलात वाढणारा हा वृक्ष आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ मध्ये असुरक्षित प्रजातींत नोंदविला. भैषज्यरत्नावलीतील अशोकारिष्टाच्या पाठात १०० पल, म्हणजे शासकीय योगसंग्रहाच्या मानाने ४.८ किलो साल असून तिचा १२.२८८ लिटर काढा शिल्लक ठेवावयाचा असतो. या हिशेबाने १,००० लिटर काढ्यास सुमारे ३९० किलो साल लागते. एवढी साल किती झाडांची असेल, याचा विचार मागणीपत्रावर सही करताना आपण सहसा करीत नाही.

पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे जाते. खोडाभोवतीचे पूर्ण वलय सोलले की मुळे उपाशी राहून झाड वाळते. परिपक्व झाडाच्या एकाच बाजूने उभ्या, अरुंद पट्ट्या काढल्या व आतील कोवळा थर जपला, तर जखम भरून येण्यास वाव राहतो. परंतु वजनावर पैसे मिळणाऱ्या मजुराला पट्टी काढणे परवडत नाही. वलय सोलणे झटपट होते. दर आपण ठरवितो, तेव्हा काढण्याची पद्धतही नकळत आपणच ठरवीत असतो.

टंचाईचा दुसरा परिणाम थेट रुग्णापर्यंत पोहोचतो. रस्त्याकडेला लावलेल्या उंच, सरळ झाडालाही लोक अशोकच म्हणतात. परंतु तो खोटा अशोक होय. त्याची साल खऱ्या अशोकाच्या नावाने बाजारात येते. रक्तप्रदराच्या रुग्णेस अशोकारिष्टाने उपशय मिळाला नाही, तर आपण मात्रा व अनुपान तपासतो. बाटलीत अशोक होता की नाही, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

मूळ : दशमूळ

दशमूळातील बेल, टेंटू, शिवण, पाडळ व अग्निमंथ यांची मुळे काढली की वर्षानुवर्षे वाढलेले झाडच संपते. लघुपंचमूळातही दहशत सर्वत्र सारखी नाही : रिंगणी, गोखरू पडीक रानात आपोआप उगवतात, सालवण, पिठवण मात्र समूळ उपटल्याने विरळ होत आहेत. मुळाऐवजी खोडाची साल वापरण्याचा पर्याय अनेकदा सुचविला जातो. तो शासकीय औषधिकोशात मान्य असेल तेथेच आणि नोंद करून अवलंबावा. स्वतःच्या सोयीने अंग बदलणे शास्त्रास व कायद्यास धरून नाही. लागवड हाच या गटाचा खरा मार्ग आहे.

फार्मसीने काय करावे?

१. शेड्यूल ‘टी’ अन्वये कच्च्या मालाची नोंद आपण ठेवतोच. तीत चार रकाने वाढवावेत : वनस्पतीचे अंग, मूळ ठिकाण, काढण्याचा महिना, रानातील की लागवडीचे. ज्या द्रव्याचे रकाने कोरे राहतील, तेथून सुधारणेस प्रारंभ करावा.

२. मागणी ऋतूनुसार द्यावी. चरकांनी कल्पस्थानात मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल शरदात, फळे आपापल्या ऋतूत घेण्यास सांगितले आहे. माल संपल्यावर घाईने दिलेली मागणी अकाली तोडीस कारण होते.

३. एकाच भागातील संग्राहकांशी तीन ते पाच वर्षांचा करार करावा व थोडी उचल आधी द्यावी. पुढील वर्षीही माल घेतला जाईल, ही खात्री असेल तरच संग्राहक झाड राखील.

४. शेतकऱ्यांशी लागवडीचा करार करावा. जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीतील औषधी वनस्पतींना, विहित उत्पत्ती-प्रमाणपत्र असल्यास, लाभवाटपाच्या तरतुदींतून सूट दिली आहे. अशोकाचे बी लवकर निर्जीव होते. ते ताजेच रुजवावे. साल देण्याजोगे खोड होण्यास बराच काळ लागत असल्याने हे काम एकट्या फार्मसीने नव्हे, तर जिल्हा शाखांनी मिळून हाती घ्यावे.

५. काढ्याचा चोथा फेकू नये. त्याचे खत करून तो लागवडीच्या जमिनीस परत द्यावा.

या बदलांनी खर्च वाढेल, हे मान्य केले पाहिजे. परंतु आजचा स्वस्त दर झाडाच्या किमतीवर उभा आहे; झाड संपले की तो दरही राहणार नाही आणि द्रव्यही. औषधे लिहून देणाऱ्या वैद्यांनी यात एक साधे काम करावे. आपण ज्या फार्मसीचे अशोकारिष्ट किंवा दशमूलारिष्ट वापरतो, तिला साल व मुळे कोठून येतात, हे एकदा लेखी विचारावे. विचारणारे वैद्य वाढले, की उत्तर देऊ शकणाऱ्या फार्मसीही वाढतील.