शहराच्या चित्रांतील कष्टकरी

शहराचें चित्र म्हटलें म्हणजे डोळ्यांपुढें प्रथम इमारती येतात. त्या इमारती ज्यांच्या हातांनीं उभ्या राहिल्या त्यांना चित्रांत जागा कोठें, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकांत पॅरिसमध्यें पुढें आला. १८५३ पासून ओसमान या अधिकाऱ्यानें जुन्या गल्ल्या पाडून तेथें रुंद रस्ते काढले आणि चित्रकारांस खुद्द शहर हाच विषय मिळाला. पिसारो यानें १८९७ सालीं माँमार्त्र रस्त्याचीं अनेक चित्रें हॉटेलच्या खिडकींतून काढलीं. नेत्रविकारामुळें त्याला उघड्यावर बसणें झेपत नव्हतें. त्या उंचीवरून रस्ता गजबजलेला दिसतो खरा, पण गाडी हांकणाराचा चेहरा शोधूं गेल्यास एक रंगाचा ठिपका हातीं लागतो.

कायबोत याचें १८७५ चें चित्र मात्र खिडकीच्या आंतलें आहे. तीन मजूर उघड्या अंगानें, गुडघे टेकून, एका श्रीमंत घराची लांकडी जमीन तासीत आहेत. उजेड त्यांच्या पाठींवर आणि फळ्यांवर सारखाच पडला आहे. भोंवतीं ढलप्या, बाजूस दारूची बाटली. हें चित्र सालों नांवाच्या प्रतिष्ठित प्रदर्शनानें नाकारलें. देवतांचीं उघडीं अंगें ज्या भिंतींवर सहज खपत, तेथें मजुराची उघडी पाठ खपली नाहीं!

मुंबईचा तटही १८६० नंतरच्या दशकांत पडला व नवें शहर वाढूं लागलें. त्या शहरांतील माणसें कागदावर आणलीं तीं महादेव विश्वनाथ धुरंधर यांनीं. कोल्हापुरांत १८६७ सालीं जन्मलेले धुरंधर १८९० मध्यें जे. जे. कलाशाळेंत आले. एडवर्ड्स यांचें मुंबईविषयींचें १९१२ चें पुस्तक आणि रॉथफेल्ड यांचें हिंदी स्त्रियांविषयींचें १९२० चें पुस्तक, दोहोंतील चित्रें त्यांचीं. येथें माणूस ठिपका नाहीं; कोळणीचें लुगडें, तिची उभें राहण्याची ढब, सारें अचूक आहे. परंतु ती कोणा एकीचें नांव घेऊन येत नाहीं, जातीचा व धंद्याचा नमुना म्हणून येते, आणि ओझें किती, तें कोठवर न्यावयाचें, हें असलें नमुनाचित्र विचारीत नाहीं. हा दोष चित्रकाराच्या हाताचा नव्हे. पुस्तकाची मागणीच तशी होती.

मेळघाटांत धारणीच्या बाजारास मोळी घेऊन येणारी कोरकू बाई ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे कीं ओझें आधीं मानेंत दिसतें, मग पावलांत. कायबोतच्या मजुरांच्या खांद्यांत तें दिसतें. धुरंधरांच्या हातांतही तें सामर्थ्य होतें.

कायबोत १८९४ मध्यें वारला. तें चित्र फ्रेंच सरकारकडे गेलें आणि आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहे. धुरंधरांच्या चित्रांचीं पोस्टकार्डेंही छापलीं गेलीं. त्यांच्या एका अंगास मुंबईच्या रस्त्यावरचीं माणसें असत आणि दुसऱ्या अंगास पत्ता व तिकीट.