धाराशिवच्या आकाशातून अरबी समुद्र दिसेल? घरगुती फुग्यातून ३० किलोमीटरवरून फोटो कसा काढतात?

थर्माकोलचा डबा, त्यात छोटा कॅमेरा आणि जीपीएस, डब्यावर पॅराशूट आणि त्याच्यावर लॅटेक्सचा मोठा फुगा. एवढ्या सामानावर जगभरातली हौशी कुटुंबं ३० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीचे फोटो काढतात. ब्रुकलिनच्या ल्यूक गाइसब्युलर यांनी ऑगस्ट २०१० मध्ये सात वर्षांच्या मुलाला सोबत घेऊन असाच फुगा सोडला. कॅमेरा गारठू नये म्हणून डब्यात हात शेकायच्या पुड्या ठेवल्या होत्या आणि माग काढायला आयफोन. डबा सुमारे ५० किलोमीटर दूर एका झाडात अडकलेला सापडला.

फुगा वर जातो तशी बाहेरची हवा विरळ होते आणि तो फुगत जातो. ३० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीच्या तुलनेत जेमतेम एक टक्का उरतो. शेवटी रबर ताण सोसत नाही, फुगा फुटतो आणि डबा पॅराशूटने खाली येतो. सेकंदाला ५ मीटर वेग धरला तर वर जायलाच १०० मिनिटं लागतात. वाटेत तापमान उणे ७० अंशांच्या आसपास जातं, साध्या बॅटऱ्या तिथेच मान टाकतात. अनेक जीपीएस १८ किलोमीटरच्या वर काम करणं थांबवतात, तेही आधी तपासावं लागतं.

वर दिसतं काय? भरदिवसा काळं आकाश आणि किंचित वाकलेलं क्षितिज. (फोटोत दिसणारा वाक बऱ्याचदा लेन्सचाही असतो.) ३० किलोमीटरवरून क्षितिज सुमारे ६०० किलोमीटरवर असतं. धाराशिवपासून कोकण किनारा सरळ रेषेत ३२० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे हवा स्वच्छ असेल तर समुद्र दिसायला हरकत नाही. याला 'अंतराळातला फोटो' म्हणतात ते मात्र खरं नाही. अंतराळाची सीमा साधारणपणे १०० किलोमीटरवर मानली जाते.

धाराशिवकरांसाठी हे आकाश तसं नवं नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआर) हैदराबादचं बलून केंद्र १९६९ पासून वैज्ञानिक फुगे सोडतं. त्यांची उपकरणं जिथे उतरू शकतात, त्या जिल्ह्यांच्या यादीत धाराशिवही असतो. जानेवारी २०२५ मध्ये असाच एक फुगा शेजारच्या बीदर जिल्ह्यात, हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगी गावात एका घरावर उतरला. गावकरी घाबरले, पोलीस आले, मग उलगडा झाला.

खरी अडचण इथेच आहे. २०२४ मध्ये मराठवाड्यातल्या अनेक गावांनी रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनची धास्ती घेतली होती. अशा भागात लुकलुकणारा डबा कुणाच्या सोयाबीनमध्ये पडला तर काय होईल, याचा अंदाज बांधणं अवघड नाही.

शिवाय मामला गच्चीवरून पतंग उडवण्याइतका सोपा नाही. भारतीय कायद्यात मोकळा सोडलेला फुगाही 'विमान' या व्याख्येत येतो. त्यामुळे उड्डाणाआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, हवाई वाहतूक नियंत्रण आणि स्थानिक पोलीस यांच्याकडे जावं लागतं. रेडिओने माग काढायचा तर हॅम परवाना हवा. परदेशी व्हिडिओंत दिसणारे सॅटेलाइट ट्रॅकर इथे परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, आणि ही गोष्ट बहुतेकांना ते मागवल्यावर कळते. गॅसचंही तसंच. हेलियम महाग, तर हायड्रोजन स्वस्त पण पेट घेणारा. मुलं आसपास असताना हायड्रोजन नकोच.

म्हणून हौस असलेल्या कुटुंबाने आधी एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा हॅम क्लबला गाठावं. परवानग्यांचे कागद संस्थेच्या नावावर लवकर हलतात. डब्यावर मराठी, कन्नड आणि तेलुगूत 'धोका नाही, या नंबरवर फोन करा' असं ठळक लिहावं, कारण वारा जिल्ह्याची हद्द बघत नाही.

आणि शेतात असा अनोळखी डबा आपल्यालाच सापडला तर? तो उघडू नये, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावं. टीआयएफआरच्या काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते. ती जशीच्या तशी राखून कळवणाऱ्याला संस्था बक्षीस देते.