घरचं इंटरनेट (भाग ६) : लांब घर आणि एक तार

कोकणातली जुनी घरं रुंदीला बेताची आणि खोलीला भरपूर. पुढची पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी असं एकामागे एक ओळीने गेलं की साठ-सत्तर फूट सहज भरतात. फायबर जोडणारा माणूस तार ओटीच्या खिडकीतून आत घेतो आणि राउटर तिथेच ठोकून जातो. मग माजघरात व्हिडिओ अडखळतो, स्वयंपाकघरात फोनवर एक काडी दिसते आणि मागच्या पडवीत काहीच नाही.

राउटर घराच्या मध्यावर ठेवा, असं मागच्या आठवड्यात सुचवलं होतं. या घरांना तेवढ्याने भागत नाही, कारण इथे अंतरापेक्षा भिंतींचा त्रास मोठा आहे. दीड-दीड फूट जाडीचा जांभा वायफायच्या लहरींतला मोठा वाटा गिळतो, आणि उरलेल्यातला तितकाच वाटा पुढची भिंत गिळते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे तो लवकर हरतो, २.४ चा जरा पुढे पोचतो. शिवाय जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पाणी या लहरी शोषून घेतं. वैशाखात कसंबसं चालणारं वायफाय आषाढात बंद पडलं, तर दर वेळी कंपनीचाच दोष असतो असं नाही.

यावर लोक जास्त अँटेनांचा महागडा राउटर आणतात. त्याचं म्हणणं फोनपर्यंत पोचेलही, पण फोनचं उत्तर परत यायला हवं ना? फोनचा प्रक्षेपक लहानसाच असतो, त्याची ताकद काही वाढत नाही. दुसरा उपाय म्हणजे रिपीटर. साधा रिपीटर ज्या लहरीवर ऐकतो तिच्यावरच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. आणि तो लावला जातो कुठे, तर जिथे मुळात काही पोचतच नाही तिथे!

बागेला पाणी द्यायचं तर ते पाटाने झाडापर्यंत न्यायचं आणि मग शिंपायचं. घरावरून कोणी फवारे उडवत नाही. इथेही लांबचा पल्ला तारेने गाठावा आणि वायफायला एका खोलीपुरतंच काम द्यावं. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वेग नेते, आणि तिला भिंतींशी काही देणंघेणं नसतं. आपल्याला लागणार पंचवीस-तीस मीटर.

केबल मात्र शुद्ध तांब्याचीच घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच केबलींत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ती वाकवताना लवकर तुटते आणि जोडातही दगा देते. दुकानदाराला स्पष्ट विचारा, हवं तर टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर परत करा. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात. टोकाचा क्लिप नीट बसला नाही आणि एक जोडी सुटली, तर जोडणी अनेकदा १०० मेगाबिटवर उतरते. वेग नव्वदीच्या वर चढतच नसेल तर आधी क्लिप तपासा. मग दोन्ही टोकांच्या राउटरांची पोर्टं गिगाबिटची आहेत ना, तेही बघा.

जांभ्याला भोकं पाडण्यापूर्वी वर बघा. कौलारू घरात आतल्या भिंतींच्या डोक्यावर, वाशांखाली बऱ्याचदा मोकळी जागा असते. तिथून पीव्हीसी पाइपात घालून केबल न्यावी, नाहीतर उंदीर कुरतडतात. विजेच्या वायरिंगपासून ती वीतभर लांब ठेवा, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

मागच्या टोकाला नवं यंत्र हवंच असं नाही. कपाटात पडलेला जुना राउटर चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर त्याचा पत्ता बदलायचा: पुढचा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर मागच्याला १९२.१६८.१.२ द्या, मात्र पुढचा राउटर फोनना वाटतो त्या पत्त्यांत हा येऊ देऊ नका. मग मागच्याचं डीएचसीपी बंद करा, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम एकट्या पुढच्याकडे राहील. केबल मागच्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात न घालता ‘लॅन’च्या भोकात घालायची, जोडणी बहुधा इथेच फसते. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवा. २.४ च्या पट्ट्यात एकाला चॅनल १ आणि दुसऱ्याला ११ द्या, म्हणजे एकमेकांच्या बोलण्यात व्यत्यय येणार नाही. चालता चालता कोणाला धरायचं हे फोन ठरवतो, आणि काही फोन आधी धरलेल्या राउटरलाच चिकटून राहतात. तसं झालं तर दोन्हींची प्रक्षेपणशक्ती एक पायरी खाली आणा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हीच तांब्याची केबल अंगणातून गोठ्यापर्यंत किंवा पलीकडच्या खोपीपर्यंत नेऊ नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जवळपास पडल्या तरी लांब तारेत दाब निर्माण होतो आणि दोन्हीकडची यंत्रं जळतात. तेवढ्या अंतराला फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. काच वीज वाहून नेत नाही.

पुढच्या आठवड्यात : लाइट गेल्यावरही दोन्ही राउटर चालू ठेवणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस.