शेततळं खोदताय? आधी मान वर करून तारा बघा



पावसाळ्याआधी शेततळी खोदायची, कागद अंथरायची लगबग सुरू आहे. जागा निवडताना आपण उतार बघतो, मुरूम बघतो, विहिरीपासूनचं अंतर बघतो. वरून गेलेली लाईन मात्र बघायची राहते. "तारा तर एवढ्या उंच आहेत," असं वाटतं. त्या खरंच किती उंच आहेत, याचा आज हिशोब करू.

*१५ फुटांचा हिशोब*
केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे शेतावरून जाणारी ११ केव्हीची उघडी तार जमिनीपासून कमीत कमी ४.६ मीटर, म्हणजे साधारण १५ फूट वर हवी. ३३ केव्हीची ५.२ मीटर, म्हणजे १७ फूट. हे अंतर जमिनीपासूनचं आहे, आणि शेततळ्यात आपण जमीनच वर आणतो.

खोदलेली माती टाकून ५ फुटांचा बांध केला, की १५ पैकी उरले १० फूट. बांधावर उभ्या माणसाने हात वर केला की ७ फूट गेले. हातात ४ फुटांचा लोखंडी पाइप असेल तर संपलंच. उन्हाळ्यात तार तापून झोल वाढतो, तो वेगळाच.

बांध नसला तरी २० फुटी जीआय पाइप उभा केला, की तो तारेच्या ५ फूट वर जातो. पोकलेनचं बूम तर २५ फुटांच्याही वर जातं.

अमेरिकेच्या वीज नियमांत पोहण्याच्या तलावावरून जाणाऱ्या १५ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारा पाण्यापासून २५ फूट वर हव्यात. कारण पाण्याकाठी माणसं लांब दांडे वापरतात. आपणही तेच करतो. जाळी, पाइप, बांबू, सगळं लांबच.

*खोदण्याआधी*
१. लाईनच्या खाली तळं नकोच. जमलं तर बांधाची बाहेरची कड तारेपासून ४० फूट तरी लांब ठेवा.
२. लाईनजवळ बांध, भराव किंवा कुठलंही काम करायचं असेल तर वीज कंपनीला आधी लेखी कळवणं नियमात आहे. पोच घ्या.
३. लाईन हलवायची असेल तर शाखा कार्यालयात अर्ज करा. खर्च बहुतेक वेळा आपल्यालाच येतो, पण जिवापेक्षा महाग नाही.
४. खांबाच्या आणि ताणाच्या बुडाशी खोदू नका.
५. तारेची उंची बांबू लावून मोजू नका. लाईनमनला विचारा.

*तळं आधीच लाईनखाली असेल तर*
• पाइप आडवाच न्या, दोघांनी दोन टोकं धरून.
• प्लॅस्टिकचा कागद वाऱ्यात अंथरू नका. उडून तारेवर गेला तर ओढू नका.
• ओला बांबू, ओली दोरी यातूनही करंट येतो.
• तुटलेली तार कुंपणावर पडली, तर तारेचं सगळं कुंपण जिवंत होतं. हात लावू नका.
• "आत्ता आपली लाईट नाही" यावर विसंबू नका. वेळापत्रक बदलतं, बंद लाईन अचानक चालू होते.

*तार तुटली किंवा मशीन तारेला लागलं तर*
सगळ्यांना निदान ३० फूट लांब ठेवा. ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचं. आग लागली तरच मशीन आणि जमीन दोन्हींना एकदम हात न लावता, दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय न उचलता सरकत लांब जायचं. लगेच १९१२ वर फोन करा, गावच्या लाईनमनलाही कळवा. लाईन बंद झाल्याचं लाईनमनने सांगितल्याशिवाय चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. नाहीतर एकाचे दोन होतात. अॅम्ब्युलन्ससाठी १०८.

आज संध्याकाळी शेतात गेलात की तळ्याच्या बांधावर उभं राहून एकदा वर बघा. तार जवळ वाटली, तर फोटो काढून आपल्या गटप्रमुखाला पाठवा. अर्ज लिहून द्यायला कंपनीचं ऑफिस मदत करेल.

हा मेसेज मजुरांना, पोकलेनवाल्याला आणि घरातल्या पोरांनाही वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी