बारा सेकंदांची बारी, बारा महिन्यांची राबणूक

बैलगाडा शर्यतीतल्या एका धावेला बारी म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या खेड, आंबेगाव, जुन्नर आणि मावळ या तालुक्यांत ही बारी घाटावर पळते. घाट म्हणजे शर्यतीसाठी मुद्दाम राखलेली, चढत जाणारी, दोन्ही अंगांनी बंदिस्त केलेली धावपट्टी. गाड्याला चार बैल जुंपतात, दोन पुढे आणि दोन मागे. गाडा हलका असतो आणि त्यावर हाकणारा बसत नाही. एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याची स्पर्धा शेजारच्या गाड्याशी नसून घड्याळाशी असते. चांगली बारी बारा-तेरा सेकंदांत घाट चढून जाते. या बारा सेकंदांमागे बारा महिन्यांची राबणूक असते.

या शर्यतीचा एक धागा मुंबईच्या उपनगरांपर्यंत येतो. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली इथे स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांची मुळं याच तालुक्यांत आहेत. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने इथलेच. दरवर्षी चैत्रात गावोगावच्या यात्रांसाठी ते काही दिवस सुट्टी घेतात आणि तेवढे दिवस मुंबईतल्या कचेऱ्यांत डबा पोचत नाही. यात्रेची वर्गणी गोळा करण्यात गावकऱ्यांबरोबर मुंबईकर मंडळींचा वाटा असतो. काहींची बैलांमध्ये भागी असते. बैल गावी भावाच्या गोठ्यात, खुराकाचा खर्च मुंबईच्या पगारातून, अशी वाटणी रूढ आहे. सुट्टी लागली की कल्याण-मुरबाडवरून माळशेज चढायचा आणि घरात पाऊल टाकण्याआधी गोठ्यात डोकावायचं, हा शौकिनांचा शिरस्ता आहे.

शर्यतीचं वर्ष पावसाळा सरल्यावर सुरू होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडामालक आपल्या दावणीचा हिशेब मांडतो: कोणता बैल अजून दोन हंगाम पळेल, कोणाचा पळ उतरला, कोणाच्या जागी नवा खोंड लागेल. नव्या जनावरासाठी नजर वळते ती खिलारकडे. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या कोरड्या माणदेशी पट्ट्यातली ही जात उंच, सडसडीत, लांब शिंगांची, आखूड मऊ केसांची आणि काटक आहे. खरसुंडीची सिद्धनाथाची आणि पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा खिलार जनावरांच्या बाजारासाठी नावाजलेली आहे. कर्नाटकातल्या हल्लीकर आणि अमृतमहाल या जातींशी खिलारचं जवळचं नातं मानलं जातं.

बाजारात जाणता माणूस आधी जनावराचं तोंड उघडून दात पाहतो. दुधाचे दात अजून पडले नसतील तर तो आदत. पुढचे दोन कायमचे दात साधारण दोन-अडीच वर्षांच्या वयात येतात, तो दुसा. मग चौसा, सहादाती आणि चार-साडेचार वर्षांच्या आसपास जुळलेला. दातांनंतर पायांची ठेवण, खुरांचा घट्टपणा, छातीची रुंदी आणि शेपटीचा गोंडा पाहतात. शेवटी जनावर चालवून पाहतात. चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडत असेल, तर पळ लांब टांगेचा असणार, असा ठोकताळा आहे. स्वभाव मात्र बाजारात कळत नाही. गर्दी आणि गलका यांना बिचकणारा बैल घाटात उपयोगाचा नसतो, आणि त्याचा उलगडा पहिल्या दोन-चार बाऱ्यांतच होतो.

गोठ्यातला दिवस पहाटे सुरू होतो. शेण काढून जागा कोरडी करायची, अंगावरून खरारा फिरवायचा, गोचीड वेचायचे, मग वैरण. ज्वारीचा कडबा आणि हिरवा मका हा रोजचा आधार. त्यावर गहू-हरभऱ्याचा भरडा, उडीद, सरकीची पेंड. ऐपतीप्रमाणे दूध, अंडी, खारीकही देतात. खुराक वाढवण्यालाही मर्यादा असते. बैल रवंथ करणारा प्राणी आहे. एकदम जास्त धान्य पोटात गेलं तर पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो आणि जनावर आजारी पडतं. म्हणून भरडा चढवायचा तो हळूहळू, आणि शर्यतीच्या दिवशी पोट हलकं ठेवायचं. अनुभवी मालक बैलाचं शेण रोज पाहतो; पचन बिघडल्याची पहिली खूण तिथेच दिसते.

व्यायामात रोजची लांब चाल, अधूनमधून हलकं औत, आणि नदीत किंवा शेततळ्यात पोहणं असतं. पोहण्याने खुरांवर आणि सांध्यांवर भार न पडता दम वाढतो आणि उन्हाळ्यात अंगही थंड राहतं. सरावाच्या बाऱ्या मोजक्याच देतात. रोज पळवलेला बैल शर्यतीच्या दिवशी थकलेला असतो, हे या कामातलं पहिलं शहाणपण आहे.

घाटातल्या शर्यतीची खासियत म्हणजे पुढे पळणारी घोडी. गाडा सुटतो त्या क्षणी बैलांपुढे घोडीस्वार असतो आणि बैल घोडीच्या मागे धावतात. खोंडाला लहानपणापासून घोडीची सवय लावतात. आधी तिच्याबरोबर चालवायचं, मग दुडकी, मग धाव. स्वाराचं काम अवघड असतं. घोडी फार पुढे गेली तर बैलांचं लक्ष सुटतं. रेंगाळली तर मागून चार बैल अंगावर येतात. अंतर तेवढंच राखत निशाणापलीकडे जायचं आणि बैलांना जागा देत घोडी बाजूला काढायची, हे सगळं त्याच बारा सेकंदांत.

पुढे काहीतरी पळतं ठेवून जनावराला धाववण्याची ही युक्ती जगात इतरत्रही दिसते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींची लाट आली, ती यांत्रिक सशामुळे. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर रुळावरून धावणाऱ्या नकली सशामागे कुत्रे सोडले गेले. पुढच्याच वर्षी बेलफास्टचं सेल्टिक पार्क आणि डब्लिनचं शेलबोर्न पार्क ही मैदानं सुरू झाली. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी जिंकणारा मिक द मिलर हा कुत्रा आयर्लंडमधल्या एका धर्मगुरूच्या घरी वाढलेला होता. तो खेळ शहरातल्या कामगारांचा होता, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात चालायचा आणि पैजेवर उभा होता. म्हणून कायद्याने आवर घातला तो पैजेला: १९३४ च्या कायद्याने ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या मैदानांवर वर्षातून १०४ दिवसच पैज लावायला मुभा ठेवली. महाराष्ट्रातला बैलगाडा देवाच्या यात्रेतून आला. त्यामुळे इथे कायद्यापुढचा मुख्य प्रश्न पैजेचा नव्हता, जनावराच्या वेदनेचा होता.

यात्रेशी असलेलं हे नातं आजही टिकून आहे. आंबेगाव तालुक्यात नागापूरच्या थापलिंग गडावर पौष पौर्णिमेला खंडोबाची यात्रा भरते, तिथे नवसाचे गाडे पळतात. खेड तालुक्यातल्या निमगावच्या खंडोबाचा घाटही शौकिनांच्या तोंडी असतो. पौषापासून सुरू झालेला हंगाम चैत्र-वैशाखात भरात येतो. एकेका आठवड्यात अनेक गावांच्या यात्रा असतात आणि कोणत्या घाटात उतरायचं, हे बैलाच्या दमाकडे पाहून ठरवावं लागतं.

शर्यतीच्या दिवशी पहाटेपासून टेम्पो येऊ लागतात. बैलांच्या पायाखाली टेम्पोत भुसा किंवा गवत अंथरलेलं असतं. यात्रा कमिटीकडून टोकन मिळालेलं असतं, त्या क्रमाने गाडे पुकारतात. एका गाड्याचे चारही बैल एकाच मालकाचे असतात असं नाही. दोन-तीन मालक आपापले बैल एकत्र करून बारी करतात. सातारा-सांगलीकडे अशी जोडी जमवण्याला पैरा म्हणतात. पैरा जुळवणं ही स्वतंत्र विद्या आहे. दोन्ही बैल वेगवान असून भागत नाही, त्यांची टांग एकसारखी पडावी लागते. एकाची ओढ डावीकडे असेल तर दुसरा तिला तोलून धरणारा हवा.

पुकारा झाला की बैल सुटीच्या जागी आणतात. हलगी वाजत असते, भंडारा उधळलेला असतो, निवेदकाचा आवाज चढलेला असतो. जुंपणारी माणसं मात्र बोलत नाहीत. बैलाची वेसण धरून त्याच्या कपाळाला तळहात टेकवून उभा राहिलेला माणूस बहुधा तोच असतो, जो त्याला रोज वैरण घालतो. जू मानेवर येतं, जोती आवळली जातात, घोडी पुढे सरते. हात सुटतात आणि गाडा उडतो. दोन्ही बाजूंची गर्दी एका सुरात ओरडते, धुळीचा पट्टा वर चढत जातो आणि निशाण ओलांडल्यावर माणसं पळत जाऊन बैल धरतात.

वेळ पूर्वी पंच हातातल्या घड्याळावर मोजत. आता अनेक घाटांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लागतो. ठरलेल्या वेळेच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात धरले जातात, त्यापुढचे दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्या नंबराचं बक्षीस त्यातल्या गाड्यांत वाटलं जातं. शिवाय फळीफोड, घाटाचा राजा असे वेगळे मान असतात. वाटून आलेल्या रकमेतून खुराकाचा खर्चही क्वचितच निघतो. घरी जाते ती ढाल आणि निवेदकाने घेतलेलं नाव.

महाराष्ट्रात इतरत्र शर्यतीचं रूप वेगळं आहे. सातारा-सांगलीत सपाट रानात आखलेल्या चाकोऱ्यांवर दोन बैलांचे छकडे एकाच वेळी पळतात, त्यावर हाकणारा असतो, आणि गट, सेमी फायनल, फायनल अशा फेऱ्या होतात. आदत जनावरांची मैदानं वेगळी भरतात. विदर्भात हाच खेळ शंकरपट म्हणून ओळखला जातो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे. रायगड जिल्ह्यात अलिबाग-मुरूडकडे ओहोटीच्या वेळी घट्ट झालेल्या वाळूवर गाड्या धावतात.

या खेळाने एक मोठा खंड पाहिला. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. शेपटी पिरगाळणं, टोचणं, मारणं या प्रकारांची नोंद त्या निकालात आहे, आणि ते प्रकार घडत होते हे नाकारण्यात अर्थ नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती थांबलेल्याच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले.

आता शर्यतीसाठी जिल्हा प्रशासनाची आगाऊ परवानगी लागते आणि आयोजकाला ५० हजार रुपये अनामत ठेवावी लागते. धाव १,००० मीटरपेक्षा लांब असू शकत नाही. पशुवैद्यकाचा दाखला नसलेला बैल उतरवता येत नाही. चाबूक, काठी, विजेचा धक्का यांना मनाई आहे. बैलाला क्रूरपणे वागवल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये जनावरांमध्ये लम्पी पसरला तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार आणि शर्यती दोन्ही थांबवावे लागले. रोगाची साथ आणि यात्रेची तारीख यांत आधी साथ पाहायची, हा धडा त्या हंगामाने दिला.

या अटी गाडामालकाच्या विरोधात नाहीत, हे गोठ्यातलं काम जवळून पाहिलं की पटतं. टोचल्याने बैल एक बारी जोरात पळेल, पण पुढच्या वेळी सुटीच्या जागी उभा राहायलाच तो नकार देईल. भीतीने पळणारा बैल वेडावाकडा पळतो आणि पैरा मोडतो. पळ येतो तो वैरणीतून, विश्रांतीतून आणि ओळखीच्या हातातून.

पहिल्या पावसाबरोबर हंगाम संपतो. घाट चिखलाने भरतो, बैल शेतात आणि गोठ्यात परततात. भाताच्या लावणीचे दिवस आले की गावात कोणाला शर्यतीची चर्चा करायला सवड नसते. याच दिवसांत बैलाच्या सांध्यांना विसावा मिळतो, खुरं तपासली जातात, लाळ्या-खुरकुताची लस टोचून घेतली जाते. पळ उतरलेल्या बैलाचा निर्णयही याच काळात होतो. काही मालक त्याला शेतकामाला ठेवतात, काही त्याच्यापासून वळूचं काम घेतात, काही विकून टाकतात. गोठ्याची खरी परीक्षा या ठिकाणी होते. खिलार जात शर्यतीमुळे टिकते, असं गाडामालक सांगतात, आणि ट्रॅक्टर आल्यानंतरच्या काळात त्यात तथ्य आहे. पण जात टिकवण्याचा मान घ्यायचा, तर म्हाताऱ्या बैलाची वैरणही त्याच खर्चात धरली पाहिजे. मुंबईहून पैसे पाठवणाऱ्या भागीदारानेही जिंकणाऱ्या बैलाबरोबर थकलेल्याचा वाटा उचलायला हवा.

या भागात अनेक गावांत पोळा भाद्रपद अमावास्येला असतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते; वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात. सकाळी बैलांना नदीवर धुतात, शिंगं रंगवतात, झूल आणि घुंगुरमाळा घालतात, पुरणपोळीचा घास देतात. घाट गाजवलेला बैल आणि दात झिजलेला म्हातारा बैल एकाच ओळीत उभे राहतात आणि दोघांची पूजा सारखीच होते. त्या दिवशी कोणाच्याही मानेवर जू ठेवत नाहीत.