पोटॅशची गोणी आणि दोन स्लाव्ह शेजारी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेलारूस म्हणजे रशियाचाच एक प्रांत, हा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. बेलारूस 1991 पासून स्वतंत्र देश आहे. 8 डिसेंबर 1999 रोजी दोघांनी संघराज्याचा करार केला खरा, पण सरकारे दोन राहिली, चलने दोन राहिली आणि हितसंबंधही. पोटॅश खताच्या धंद्यात तर हे चव्हाट्यावरच आले. रशियाची उरलकाली आणि बेलारूसची बेलारूसकाली एकाच विक्रीसंस्थेमार्फत माल विकत. जुलै 2013 मध्ये उरलकालीने हात काढून घेतला आणि पुढच्याच महिन्यात तिच्या मुख्य अधिकाऱ्याला बेलारूसची राजधानी मिन्स्कमध्ये अटक झाली. जगभर पोटॅशचे भाव गडगडले. 2022 मध्ये चित्र पालटले. लिथुआनियाने आपल्या हद्दीतला रेल्वेमार्ग बंद केल्यावर बेलारूसच्या पोटॅशला समुद्र गाठण्यासाठी रशियाच्याच बंदरांचा आसरा घ्यावा लागला.

याचा जालन्याच्या शेतकऱ्याशी काय संबंध, असे विचारले जाईल. पण आपल्याला लागणारे म्युरेट ऑफ पोटॅश जवळपास सगळे बाहेरून येते आणि मोठ्या पुरवठादारांत हे दोन्ही देश आहेत. अंबडच्या मोसंबीच्या आळ्यात किंवा कडवंचीच्या द्राक्षबागेत पडणारा लाल दाणा बेलारूसमधल्या सोलिगोर्स्कच्या खाणीतला असू शकतो. 2021 च्या सुरुवातीला भारताने टनाला 247 डॉलरने करार केला होता. वर्षभरात तोच आकडा 590 वर गेला. सरकार अनुदान देते, मग शेतकऱ्याला झळ कशी, हा आक्षेप रास्त वाटतो. पण एप्रिल 2010 पासून पोटॅशला अन्नद्रव्याच्या किलोमागे ठरावीक अनुदान मिळते. युरियासारखी गोणीची किंमत बांधलेली नाही. आयात महागली की अनुदानाबाहेरचा भार बहुतेक वेळा खरेदीदारावरच येतो. 10:26:26 सारखे पोटॅशयुक्त मिश्र खत घेणाराही त्यातून सुटत नाही.

काळ्या जमिनीत पोटॅश भरपूर असते, तेव्हा ते विकत घ्यायचेच कशाला, असेही म्हटले जाते. यात तथ्य आहे, पण अर्धे. मराठवाड्याच्या भारी काळ्या जमिनीत पालाश, म्हणजेच पोटॅश, सहसा चांगले असते. हलक्या मुरमाड रानाचे तसे नाही, आणि फळबाग दरवर्षी पालाश उचलत असते. म्हणून सरसकट टाकणे जितके चुकीचे, तितकेच सरसकट बंद करणेही. मिन्स्क आणि मॉस्कोचे संबंध आपल्या हातात नाहीत. माती तपासणे मात्र आहे. गोणी घेण्याआधी मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल सांगेल तेवढेच पोटॅश टाका.